भिंतीपलीकडचं वाय-फाय

२६ जुलै २००८ ची संध्याकाळ. अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांकडे एक ईमेल आला. पाठवणाऱ्याने इंडियन मुजाहिदीनचं नाव घेतलं होतं. मेल कुठून निघाला याचा माग काढत तपास नवी मुंबईत पोहोचला, सानपाड्यातल्या एका निवासी इमारतीत. ज्या फ्लॅटच्या इंटरनेट जोडणीवरून मेल गेला होता, तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) त्याचे संगणक ताब्यात घेतले, त्याची चौकशी झाली, त्याचं नाव देशभर गाजलं. मेल त्याने लिहिलेलाच नव्हता. त्याच्या घरातलं वाय-फाय दुसऱ्याच कोणीतरी वापरलं होतं.

२३ ऑगस्टला पुढचा मेल आला, तो माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले तेव्हाचा मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेलेला निघाला. तिन्ही ठिकाणं मुंबई परिसरातली, आणि तिन्ही ठिकाणच्या लोकांना आपलं नेटवर्क कोणी वापरतंय याचा पत्ताही नव्हता. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी जाहीर केलं, की त्यांची पथकं शहरात फिरून असुरक्षित वाय-फाय शोधतील आणि मालकांना सावध करतील.

तेव्हा घरात वाय-फाय असणं ही थोडक्यांची चैन होती. आज फायबरची जोडणी दोन खोल्यांच्या घरातही आहे, आणि राउटर बहुधा पासवर्ड लावूनच येतो. पूर्णपणे उघडं नेटवर्क आता इमारतींमध्ये क्वचितच दिसतं. त्यामुळे हा प्रश्न सुटला असं वाटण्याची शक्यता आहे. तो सुटलेला नाही, कारण जोडणी करायला आलेला मुलगा विचारतो, "पासवर्ड काय ठेवू?" आणि घरातलं कोणीतरी सहज म्हणतं, "माझा मोबाइल नंबरच ठेव, लक्षात राहील." कित्येकदा तो विचारतही नाही. अर्जावरचा नंबर स्वतःच टाकतो आणि निघून जातो.

हा मोबाइल नंबर नेमका किती कच्चा आहे, ते समजावून सांगणं हा या लेखाचा मुख्य हेतू आहे. त्यासाठी वाय-फायच्या कुलपाचा थोडा इतिहास पाहावा लागेल.

वाय-फाय म्हणजे रेडिओ. राउटर बोलतो तेव्हा त्याच्या लहरी तुमच्या फोनपर्यंत जातात, तशाच शेजारच्या बैठकीच्या खोलीत, जिन्यात, खालच्या पार्किंगमध्येही जातात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती बऱ्यापैकी ओलांडतात, ५ गिगाहर्ट्झच्या थोड्या कमी. तारेच्या जोडणीत चोरून ऐकायचं तर तारेपर्यंत पोहोचावं लागतं. इथे मात्र ऐकण्यापासून कोणालाच रोखता येत नाही. म्हणून जे बोललं जातंय ते ऐकणाऱ्याला समजू नये, अशी व्यवस्था करावी लागते. वाय-फायची सगळी सुरक्षा या एका गोष्टीभोवती बांधलेली आहे.

१९९७ मध्ये वाय-फायचं पहिलं मानक आलं, तेव्हा त्यात डब्ल्यूईपी नावाची संरक्षणपद्धत होती. तारेइतका खासगीपणा देणं हा तिचा दावा होता. प्रत्येक संदेशाच्या तुकड्याला, म्हणजे पॅकेटला, मूळ गुपिताबरोबर एक बदलता आकडा जोडायचा आणि त्या जोडीतून सांकेतिक मजकूर बनवायचा, अशी तिची रचना. हा बदलता आकडा फक्त २४ बिटांचा होता. म्हणजे एकूण १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ वेगवेगळे आकडे. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण गजबजलेल्या नेटवर्कवर ते काही तासांत संपतात. आकडे कसेही, चिठ्ठ्या काढल्यासारखे निवडले तर सुमारे ५ हजार पॅकेटांतच एखादा आकडा पुन्हा येण्याची शक्यता निम्म्यावर जाते. तोच आकडा पुन्हा आला की ऐकणाऱ्याच्या हाती धागा लागतो. २००१ मध्ये स्कॉट फ्लूरर, इत्झिक मँटिन आणि अदी शमिर यांनी याहून खोलवरची कमजोरी दाखवली. डब्ल्यूईपी ज्या आरसी-४ सूत्रावर उभी होती, त्यात किल्ली तयार होण्याच्या पद्धतीतच खोट होती. पुरेशी पॅकेटं जमवली, की मूळ किल्लीच बाहेर येते. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट इथल्या तीन संशोधकांनी हे काम एका मिनिटाच्या आत करून दाखवलं.

याची किंमत कोणी मोजली? अमेरिकेत टीजेएक्स नावाची मोठी दुकानसाखळी आहे. तिच्या मार्शल्स या दुकानांमधलं वाय-फाय डब्ल्यूईपीवरच चालत होतं. चोरांनी २००५ मध्ये त्या वाटेने आत शिरून कंपनीच्या मुख्य संगणकांपर्यंत मजल मारली. जानेवारी २००७ मध्ये प्रकरण उघड झालं आणि कंपनीने सांगितलेला आकडा होता ४ कोटी ५७ लाख कार्डं. डब्ल्यूईपी फुटल्याचं चोर आत शिरण्याआधी चार वर्षं जाहीर होतं. माहिती होती, पर्याय उपलब्ध होता, पण राउटर बदलणं राहून गेलं. सुरक्षेच्या गोष्टी बहुतेक वेळा अशाच बिघडतात.

पर्याय म्हणजे २००३ मध्ये आलेली डब्ल्यूपीए आणि २००४ मधली डब्ल्यूपीए-२. दुसरीत एईएस हे भक्कम सूत्र आहे, बँका आणि सरकारं वापरतात तेच. मार्च २००६ पासून वाय-फायचं अधिकृत प्रमाणपत्र हवं असलेल्या प्रत्येक नव्या उपकरणाला डब्ल्यूपीए-२ सक्तीची झाली. आज आपल्या घरांत बहुतेक ठिकाणी हीच चालते. तिचं गणित अजूनही कोणी फोडलेलं नाही. मग भीती कशाची?

भीती आपण निवडलेल्या पासवर्डची. तुमचा फोन घरच्या नेटवर्कला जोडला जातो, तेव्हा फोन आणि राउटर यांच्यात चार छोटे निरोप जातात-येतात. त्यांत पासवर्ड कुठेच बोलला जात नाही. दोघेही एकमेकांना सिद्ध करून देतात, की मला तो माहीत आहे. कल्पना सुंदर आहे. पण हे चार निरोप हवेतून जातात, आणि जिन्यात बसलेला कोणीही ते टिपून घेऊ शकतो. त्यांतून पासवर्ड थेट वाचता येत नाही, मात्र एखादा अंदाज बरोबर आहे की चूक, हे तपासता येतं. तो माणूस निरोप घेऊन घरी जातो आणि संगणकाला अंदाज करत बसवतो. एटीएममध्ये तीनदा चुकीचा पिन टाकला की कार्ड अडवलं जातं. इथे अडवणारं कोणी नाही, कारण अंदाज तुमच्या राउटरपुढे होतच नाहीत. ते चोराच्या घरी होतात, आणि राउटरला कधीच कळत नाही. कोणाचा फोन जोडला जाण्याची वाट पाहायचीही गरज नाही. २०१८ मध्ये असंही दिसून आलं, की बऱ्याच राउटरांकडून अंदाज तपासण्यापुरती सामग्री थेट मागून घेता येते.

हे ओळखूनच डब्ल्यूपीए-२ रचणाऱ्यांनी अंदाज मुद्दाम महाग केला. पासवर्डवर एकच गणित ४०९६ वेळा घडवून मगच किल्ली तयार होते. २००४ मध्ये हे पुरेसं जड होतं. आज खेळांसाठी विकलं जाणारं एक उत्तम ग्राफिक्स कार्ड सेकंदाला २५ लाखांच्या आसपास अंदाज तपासतं.

आता आपला मोबाइल नंबर घ्या. दहा आकडे, पण पहिला ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. सेकंदाला २५ लाख या वेगाने देशातले सगळे संभाव्य मोबाइल नंबर तपासायला लागतात १६०० सेकंद, म्हणजे २७ मिनिटं. दूध तापवून, चहा करून, पेपर वाचून होईस्तोवर काम संपलेलं असतं. हा सगळा हिशेब तुमचा नंबर कोणाला माहीत नाही असं धरून. इमारतीच्या फलकावर, दुकानाच्या पाटीवर, कुरिअरच्या पाकिटावर तो लिहिलेला असेल, तर एकच अंदाज पुरे.

जन्मतारखेची गोष्ट याहून वाईट. वाय-फायचा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा असावा लागतो, आणि दिवस-महिना-वर्ष मिळून बरोबर आठ आकडे होतात. म्हणून मुलाची जन्मतारीख ही पुष्कळ घरांची आवडती निवड आहे. पण शंभर वर्षांत दिवस किती? ३६ हजार ५२५. ते तपासायला सेकंदाचा छोटासा अंश लागतो. नावापुढे १२३, आडनावापुढे @ आणि गाडीचा नंबर, देवाचं नाव आणि चालू वर्ष, असे साचे चोरांच्या याद्यांमध्ये आधीपासून बसलेले असतात.

इस्रायलमध्ये हे प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं आहे. २०२१ मध्ये सायबरआर्क कंपनीचे संशोधक इडो हूर्विच यांनी तेल अवीव शहरात हिंडून ५ हजार वाय-फाय नेटवर्कांची अशी सामग्री गोळा केली. त्यासाठी बाजारात कोणालाही मिळेल असं स्वस्त उपकरण पुरलं. घरी येऊन त्यांनी अंदाज करायला सुरुवात केली, ती मोबाइल नंबरांपासून, कारण तिथेही लोकांना तीच सवय आहे. ७० टक्क्यांहून अधिक पासवर्ड फुटले. तेल अवीव हे संगणकसुरक्षेच्या उद्योगाचं एक मोठं केंद्र मानलं जातं. तिथे ही अवस्था असेल तर आपल्याकडे कोथरूड, डोंबिवली किंवा मडगावात याहून बरं काही निघेल, अशी आशा मला वाटत नाही.

मग चांगला पासवर्ड कसा असतो? लांब, आणि कोणाच्याही मनातून न आलेला. दुसरी अट महत्त्वाची आहे. माणूस 'काहीतरी अवघड' सुचवायला गेला की सगळ्यांना सुचतं तेच त्याला सुचतं. ए ऐवजी @, ओ ऐवजी शून्य, शेवटी उद्गारचिन्ह, हे अंदाज करणाऱ्या प्रोग्रॅमला पाठ असतं. याऐवजी अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडलेली एक साधी रीत मला फार आवडते. ७७७६ शब्दांची यादी घ्यायची. हा आकडा अशासाठी, की पाच फासे टाकले तर बरोबर तितक्याच शक्यता होतात. फासे टाकायचे, यादीतला त्या क्रमांकाचा शब्द उचलायचा, आणि असे काही शब्द ओळीने जोडायचे. निवड फाशाची, आपली नाही. असे चार शब्द घेतले तर त्या एका ग्राफिक्स कार्डाला सगळ्या शक्यता पाहायला ४६ वर्षं लागतील. शंभर कार्डं लावणाऱ्याला मात्र अर्ध्या वर्षाहून कमी. पाच शब्द घेतले तर एका कार्डाला ३ लाख ६० हजार वर्षं, आणि मग शंभर कार्डांनीही काही साधत नाही.

मराठी शब्दांनी हे उत्तम जमतं. घरात जाडजूड शब्दकोश असेल तर डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं, आणि आलेला शब्द नाकारायचा नाही. परात, गोगलगाय, तगादा, उंबर, चुळबुळ. अशी ओळ निरर्थक असते म्हणूनच कामाची असते, आणि गंमत अशी की ती दोन दिवसांत पाठ होते. (ही ओळ आता छापून आली, म्हणून ती वापरू नका.) म्हण, अभंगाची ओळ, सिनेमाचा संवाद किंवा पाढा घेऊ नका. जे आधी कुठेतरी लिहिलेलं आहे ते याद्यांत जातं. हे शब्द रोमन अक्षरांत टाइप करावे लागतात, कारण वाय-फायच्या पासवर्डमध्ये देवनागरी भरवशाने चालत नाही. त्यामुळे स्पेलिंग एकदा ठरवून घ्या. 'चुळबुळ' तुम्ही एका पद्धतीने लिहाल, तुमची मुलगी दुसऱ्या, आणि टीव्हीच्या रिमोटवर अक्षरं शोधताना घरात वाद होईल. सगळी अक्षरं लहान, मध्ये आडवी रेघ, कमाल ६३ अक्षरं, एवढं सांभाळलं की झालं. आणि हो, पासवर्ड कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला तरी मुळीच हरकत नाही. ज्या चोराबद्दल आपण बोलतोय तो तुमच्या कपाटापर्यंत येत नाही, तो जिन्यात असतो.

नेटवर्कचं नाव बदलण्यामागेही एक खरं कारण आहे. पासवर्डवरच्या त्या ४०९६ फेऱ्यांत नेटवर्कचं नावही मिसळलेलं असतं. कंपनीने दिलेलं नाव हजारो घरांत सारखंच असेल, तर त्या नावासाठी उत्तरांचा तक्ता एकदा आधीच तयार करून ठेवता येतो आणि सगळ्या घरांवर वापरता येतो. नाव वेगळं असलं की तो तक्ता निकामी. फक्त नावात आडनाव, फ्लॅट क्रमांक किंवा राउटरचं मॉडेल घालू नका. बाहेरच्याला ती माहिती फुकट देण्याचं काही कारण नाही.

२०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आली आणि तिने नेमकं या अंदाजांचं दुखणं हाती घेतलं. तिच्यात ओळख पटवण्याची पद्धतच बदलली आहे. हवेतून टिपलेल्या निरोपांवरून घरी बसून अंदाज तपासता येत नाहीत. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावं लागतं, म्हणजे सेकंदाला लाखो अंदाज हा मार्गच बंद होतो. जुलै २०२० पासून प्रमाणपत्रासाठी तीही सक्तीची झाली आहे, त्यामुळे गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच राउटरांत आणि फोनांत ती असते, फक्त चालू केलेली नसते. अडचण जुन्या वस्तूंची. स्मार्ट बल्ब, जुना प्रिंटर, आजोबांचा जुना फोन यांना डब्ल्यूपीए-३ समजत नाही. म्हणून राउटरमध्ये 'डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३' असा मिश्र पर्याय दिलेला असतो. बहुतेक घरांनी आज तो निवडावा, पण जोवर डब्ल्यूपीए-२ चालू आहे तोवर तिचा धोकाही चालू आहे हे जाणून, म्हणजे लांब पासवर्ड ठेवूनच. यादीत डब्ल्यूईपी किंवा नुसती डब्ल्यूपीए दिसली तर त्यांना हात लावू नये. राउटरमध्ये त्या दोनच असतील तर तो राउटर बदलावा.

आता दुसरा पासवर्ड. राउटरला दोन पासवर्ड असतात, हेच पुष्कळांना माहीत नसतं. एक वाय-फायला जोडायचा, आणि दुसरा खुद्द राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. पहिला निदान कोणीतरी ठरवलेला असतो. दुसरा कारखान्यातून येतो तसाच वर्षानुवर्षं राहतो, आणि अनेक जुन्या राउटरांत तो 'ॲडमिन' असतो, युजरनेमही 'ॲडमिन'. ही माहिती कंपनीच्या पुस्तिकेत छापलेली असते, म्हणजे जगात सर्वांना ठाऊक असते.

२०१६ मधल्या मिराय प्रकरणाने याचे परिणाम जगाला दाखवले. मिराय हा एक छोटा प्रोग्रॅम. तो इंटरनेटवरचे कॅमेरे आणि राउटर शोधायचा आणि कारखान्याच्या ठरावीक युजरनेम-पासवर्डांची साठेक जोड्यांची यादी त्यांच्यावर आजमावायचा. एवढ्या भांडवलावर त्याने लाखो उपकरणं ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांची फौज संकेतस्थळांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर सोडली गेली आणि अमेरिकेच्या मोठ्या भागात ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं तासन्‌तास उघडेनात. ज्यांच्या घरातली उपकरणं त्या फौजेत होती, त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या मोडेमांवर असाच हल्ला झाला. कारखान्याचा पासवर्ड न बदललेले मोडेम त्यात सापडले, लोकांचं इंटरनेट बंद पडलं, आणि पासवर्ड बदला असं कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं.

ब्राझीलमधली घटना मला जास्त अस्वस्थ करते, कारण तिथे पैसे गेले. २०११-१२ च्या सुमारास तिथल्या सुमारे ४५ लाख मोडेमांच्या सेटिंगमध्ये चोरांनी एकच बदल केला. आपण संकेतस्थळाचं नाव टाइप करतो तेव्हा त्या नावाचा पत्ता सांगणारी एक यंत्रणा असते, तिला डीएनएस म्हणतात. राउटरने तो पत्ता कुठे विचारावा हे सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. चोरांनी तिथे स्वतःचा पत्ता घातला. मग लोक बँकेचं खरं नाव टाइप करत आणि पोहोचत खोट्या पानावर. मूळ बिघाड संगणकात नव्हता, राउटरमध्ये होता. आज बँकांच्या पानांना एचटीटीपीएसचं कवच असतं आणि ब्राउझर खोट्या पानाबद्दल इशारा देतो. तो इशारा ओलांडून पुढे जाऊ नये, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना बसून समजावून सांगण्यासारखं आहे.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कारखान्यातून सर्व उपकरणांना सारखाच, सहज ओळखता येणारा पासवर्ड देऊन विक्री करायला कायद्यानेच बंदी आहे. असा कायदा सगळीकडे व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे. पासवर्ड बदलण्याचं ओझं सामान्य ग्राहकावर टाकून कंपन्यांनी फार वर्षं काढली. पण तोवर ते काम आपल्यालाच करायचं आहे, आणि ते अर्ध्या तासाचं आहे.

राउटरच्या तळाशी एक लेबल असतं. त्यावर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ अशा धाटणीचा, आणि शेजारी युजरनेम-पासवर्ड. घरच्या नेटवर्कला जोडलेल्या फोनच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की राउटरचं पान उघडतं. शक्य असेल तर संगणक तारेने जोडून हे करा, म्हणजे वाय-फायचा पासवर्ड बदलताच जोडणी तुटून तुम्ही मध्येच अडकणार नाही. काही इंटरनेट कंपन्या आपल्या डब्याच्या काही सेटिंग ग्राहकाला दाखवत नाहीत. तिथे त्यांना फोन करून बदल करून मागावेत, तो तुमचा हक्क आहे. आत शिरल्यावर पहिलं काम ॲडमिनचा पासवर्ड बदलणं. मग नेटवर्कचं नाव, वाय-फायचा पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार. घरातली सगळी उपकरणं एकदा तुटतील आणि पुन्हा जोडावी लागतील. तेव्हा मुलांचा ऑनलाइन वर्ग किंवा कोणाची मीटिंग चालू नसेल अशी वेळ निवडा.

तिथेच डब्ल्यूपीएस नावाची सोय दिसेल. पासवर्ड टाइप न करता आठ आकडी पिनने जोडण्याची ही सोय २००६ मध्ये आली. आठ आकडे म्हणजे १० कोटी शक्यता असं वाटतं. पण डिसेंबर २०११ मध्ये श्टेफान फीबॉक या संशोधकाने दाखवून दिलं, की राउटर पिनचे पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि उरलेले वेगळे, शिवाय शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, एकूण ११ हजार प्रयत्न. पाच शब्दांचा पासवर्ड ठेवून ही खिडकी उघडी ठेवण्यात अर्थ नाही. डब्ल्यूपीएस बंद करा. 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे घराबाहेरून राउटरचं पान उघडू देणारी सोय, तीही बंद असावी.

नेटवर्कचं नाव लपवा, असा सल्ला अजून दिला जातो. त्याचा उपयोग नाही. लपवलेलं नावही जोडणी होताना हवेतून जातंच. उलट तुमचा फोन बाहेर फिरताना त्या नावाला हाका मारत राहतो. ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देणारी यादी, जिला मॅक फिल्टर म्हणतात, तीही चोराला रोखत नाही, कारण उपकरणाचा मॅक क्रमांक उघडपणे जातो आणि त्याची नक्कल करता येते. शिवाय आजचे फोन खासगीपणासाठी हा क्रमांक स्वतःच बदलतात, आणि त्रास घरच्यांनाच होतो.

पाहुण्यांचा विषय आपल्याकडे नाजूक असतो. घरी आलेल्याने वाय-फाय मागितलं आणि आपण नाही म्हणालो, हे आपल्या रीतीत बसत नाही, बसूही नये. त्यासाठीच राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. त्यावरच्याला इंटरनेट मिळतं, पण घरचा संगणक, प्रिंटर, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दिसत नाही. डब्ल्यूपीए-२ मध्ये याला आणखी एक कारण आहे. ज्याला पासवर्ड माहीत आहे आणि ज्याने तुमचे ते चार निरोप टिपले आहेत, तो तुमची वाय-फायवरची वाहतूक उलगडू शकतो. मुख्य पासवर्ड भाऊजींच्या मित्रापासून शिकवणीच्या मुलांपर्यंत सगळ्यांकडे असेल, तर तो गुप्त राहिला कुठे? स्मार्ट प्लग, बल्ब, स्वस्तातले कॅमेरे हेही गेस्ट नेटवर्कवरच ठेवावेत, कारण त्यांना अपडेट मिळण्याची शाश्वती सर्वांत कमी असते. टीव्हीचं मात्र पाहावं लागेल. फोनवरचं चित्र टीव्हीवर टाकायचं असेल तर दोन्ही एकाच नेटवर्कवर असावे लागतात.

शेजाऱ्याचं नेटवर्क फोडणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तुमच्या जोडणीवरून कोणी धमकी पाठवली, तर पोलीस आधी तुमच्याच दारात येणार, आणि खुलासा करेपर्यंतचा मनस्ताप तुमच्या वाट्याला येणार.

राउटरच्या आतल्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात, आणि तेही जुनं होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हन विद्यापीठाच्या माथी व्हानहूफ यांनी डब्ल्यूपीए-२ च्या त्या चार निरोपांतच एक चूक शोधली. तिसरा निरोप पुन्हा पाठवून वापरलेली किल्ली परत वापरायला लावता येत होती. पासवर्ड कितीही भक्कम असला तरी त्याने फरक पडत नव्हता. उपाय एकच होता, फोनचं आणि राउटरचं अपडेट. फोन आपण अपडेट करतो, कारण तो स्वतः आठवण करतो. राउटरच्या पानावर जाऊन 'फर्मवेअर अपडेट' दाबायची आठवण कोणी करत नाही. आपोआप अपडेटचा पर्याय असेल तर तो चालू करा. नसेल तर वर्षातून दोन-तीनदा स्वतः पाहा.

राउटर बदलाल तेव्हा जुना तसाच भंगारवाल्याला देऊ नका. त्याच्या आत तुमचा वाय-फायचा पासवर्ड आणि इंटरनेट कंपनीचं लॉगिन साठवलेलं असतं. मागच्या बाजूला टाचणी जाईल एवढं छिद्र असतं. राउटर चालू ठेवून त्यातलं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की सगळं पुसलं जातं. कंपनीचा डबा परत करतानाही हेच करावं. आणि नवा घेताना दोन गोष्टी विचारा. खोक्यावर डब्ल्यूपीए-३ लिहिलं आहे का, आणि या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार? ब्रिटनच्या त्याच कायद्याने हा कालावधी आधी जाहीर करणं कंपन्यांना बंधनकारक केलं आहे, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो आता सापडतो. दुकानदाराला सांगता आलं नाही तर तिथे शोधा, आणि तिथेही नसेल तर दुसऱ्या कंपनीचा राउटर घ्या.